शाखा आणि साखळी : हमरस्त्यावरील कौटुंबिक उपाहारगृहांचा उदय व अस्त

१

मराठी मुलखातील नामांकित उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या ते नकारार्थी विधान आहे. व्यवहारात मात्र ते ग्राहकास दिलेले आश्वासन असते. पदार्थ करणारा हात, त्यावर देखरेख करणारा मालक आणि पाटीवरील नाव ही तिन्ही एकाच छपराखाली आहेत, हा त्या वाक्याचा आशय होय. याच्या नेमके उलट आश्वासन विसाव्या शतकात अमेरिकेतील, आणि पुढे इंग्लंडातील, हमरस्त्यांवरच्या उपाहारगृहांच्या साखळ्यांनी दिले. आमचे घर प्रत्येक रस्त्यावर आहे आणि ते सर्वत्र सारखेच आहे, असे त्या साखळ्या सांगत. पहिल्या प्रकारात विश्वास एकमेवतेवर उभा राहतो, दुसऱ्या प्रकारात पुनरावृत्तीवर.

अमेरिकेतील ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ ही या प्रकारची सर्वांत मोठी साखळी. ती १९२५ ते १९७० या काळात वाढली, पुढे ओसरली, आणि तिचे शेवटचे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद झाले. मुंबई–पुणे रस्त्यावर, विशेषतः आज नवी मुंबई जेथे वसली आहे त्या टापूत, प्रवाशांची वर्दळ कमी नसतानाही अशी साखळी दीर्घकाळ उभी राहिली नाही; आणि साखळ्यांची नावे जेव्हा ठळकपणे आली तेव्हा ती नव्या द्रुतगती मार्गाबरोबर आली. या दोन इतिहासांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. हमरस्त्यावरील उपाहारगृहांची साखळी हा केवळ अन्नाचा व्यापार नसतो. ती एक चिन्हव्यवस्था असते. प्रवाशाला जे आधी पाहता येत नाही त्याची हमी ते चिन्ह देते. ही हमी तीन गोष्टींवर अवलंबून असते : प्रवाशाला थांबावे लागणे, आजूबाजूच्या जागा त्याला अपरिचित असणे आणि चिन्ह व आशय यांचा संबंध टिकून असणे. यांपैकी जे सुटेल त्या ठिकाणी साखळी तुटते.

२

या विषयाशी निगडित असलेल्या मराठी शब्दांकडे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. ‘खाणावळ’ या शब्दातील प्रत्यय घडणावळ, शिवणावळ, दळणावळ या शब्दांतही आहे आणि त्याचा अर्थ कामाचा आकार अथवा मोबदला असा आहे. खाण्याबद्दल द्यावयाच्या पैशांवरून शब्द खाण्याच्या जागेकडे सरकला. हा लक्षणेचा साधा प्रकार झाला. ‘हॉटेल’ या शब्दाने उलट आपला मूळ अर्थ टाकला. इंग्रजीत तो मुक्कामाची जागा दाखवतो. मराठीत ‘हॉटेलात जाणे’ म्हणजे चहा-फराळासाठी जाणे, आणि मुक्कामासाठी ‘लॉज’ हा निराळा शब्द घ्यावा लागला.

‘शाखा’ आणि ‘साखळी’ ही जोडी अधिक बोलकी आहे. ध्वनिसाम्य असले तरी या दोन शब्दांचे कूळ एक नाही. शाखा म्हणजे झाडाची फांदी. फांदी म्हटली की बुंधा आणि मूळ ही गृहीत धरली जातात. त्यामुळे शाखा नेहमी मूळ दुकानाहून एक पायरी खाली असते. ‘साखळी’ हा शब्द संस्कृत ‘शृंखला’पासून प्राकृताच्या वाटेने आला आहे. साखळीतील कड्यांना मूळ नसते. प्रत्येक कडी दुसरीच्या बरोबरीची असते, आणि सर्वांत कच्च्या कडीवर संपूर्ण साखळीचे बळ ठरते. मराठी पाटी शाखा नाकारते तेव्हा ती मुळाचा अभिमान सांगत असते. अमेरिकेत जे घडले ते शाखांचे नव्हे, कड्यांचे जाळे होते. तेथे मूळ दुकान कोणते, हे प्रवाशाने विचारण्याचे कारणच उरले नव्हते.

३

हॉवर्ड डिअरिंग जॉन्सन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी गावी औषधे, वर्तमानपत्रे व सोडा विकणारे एक लहान दुकान घेतले. दुकान कर्जात होते. अधिक स्निग्धांश असलेले आइस्क्रीम तयार करून त्यांनी ते सावरले, आणि कालांतराने अठ्ठावीस स्वादांची आइस्क्रीमे ही त्यांच्या नावाची खूण झाली. १९२९ नंतरच्या मंदीत नवी उपाहारगृहे उघडण्यासाठी भांडवल मिळेना. तेव्हा १९३५ मध्ये केप कॉड येथील ऑर्लीन्स या ठिकाणी त्यांनी वेगळी तोड काढली : जागा व पैसा दुसऱ्याचा, नाव, पाककृती आणि कच्चा माल जॉन्सन यांचा. नाव भाड्याने देण्याची ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. त्या दशकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावर जॉन्सन यांच्या नावाची शंभराहून अधिक उपाहारगृहे होती.

त्या काळच्या अमेरिकन मोटारप्रवाशाची अडचण अशी की, अनोळखी गावातील उपाहारगृह स्वच्छ आहे की नाही, तेथे मुलांना नेता येईल की नाही, हे दारात उतरल्यावाचून कळत नसे. जॉन्सन यांनी यावर नारिंगी छपराचा उपाय काढला. धावत्या गाडीतून लांबूनच दिसणारे हे छप्पर वाचता न येणाऱ्या मुलासही ओळखता येई. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील परिभाषेत सांगावयाचे तर, छप्पर हे चिन्हक आणि ठरावीक चवीचे, ठरावीक किमतीचे जेवण हे चिन्हित. हा संबंध स्वभावतः यादृच्छिक असतो. छपराच्या रंगाचा आइस्क्रीमच्या चवीशी कोणताही नैसर्गिक संबंध नाही. तो टिकवायचा तर प्रत्येक ठिकाणी, दररोज, तेच अन्न पुढे आले पाहिजे. म्हणून पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकघरात तयार करून थंड अवस्थेत सर्वत्र पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. पुढे १९६० च्या सुमारास पियेर फ्रॅने व जाक पेपँ हे फ्रेंच पाककर्मी या स्वयंपाकघरासाठी काम करीत होते.

१९४० मध्ये पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक हा नियंत्रित प्रवेशाचा महामार्ग खुला झाला आणि त्यावरील उपाहारगृहांचा मक्ता जॉन्सन यांना मिळाला. पथकर भरून या मार्गावर शिरलेल्या प्रवाशास जेवणासाठी बाहेर पडणे गैरसोयीचे होते. म्हणजे थांब्याची सक्ती येथे रस्त्यानेच निर्माण केली होती. पाठोपाठ युद्ध आले, पेट्रोलचे नियंत्रण आले, आणि १९४४ पर्यंत जेमतेम बारा उपाहारगृहे चालू राहिली. अन्न तेच, नाव तेच. थांबणारा प्रवासी नाही म्हणून धंदा नाही. युद्धानंतर गाड्या परत आल्या आणि उपाहारगृहेही परत आली. १९५४ मध्ये त्यांची संख्या चारशेच्या घरात गेली, १९६१ मध्ये कंपनीचे भाग जनतेस खुले झाले, आणि सत्तरीच्या दशकात आकडा हजाराच्या आसपास पोहोचला.

४

या साखळीला ‘कौटुंबिक’ हे विशेषण लावले जाई. त्याचा अर्थ मुलांसाठी वेगळा पदार्थसंग्रह आणि आईवडिलांना निर्धास्त बसता येईल असे वातावरण, असा होता. परंतु विशेषण जितके समाविष्ट करते तितकेच वगळतेही. १९५७ च्या ऑक्टोबरात घाना या नवस्वतंत्र राष्ट्राचे अर्थमंत्री कोमला बेडेमा यांना डेलावेअर राज्यातील डोव्हर येथील हॉवर्ड जॉन्सन्समध्ये बसून पेय घेऊ दिले गेले नाही. कारण त्यांचा वर्ण. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीस बोलावून दिलगिरी व्यक्त केली. सर्वत्र सारखेपणाचे आश्वासन सर्व माणसांसाठी सारखे नव्हते, हे या प्रसंगाने जगापुढे आले.

मराठीत ‘फॅमिली’ या शब्दाचा प्रवास निराळा आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘फॅमिली’ म्हणजे पत्नी. इराणी व इतर उपाहारगृहांतील ‘फॅमिली रूम’ ही स्त्रियांसह आलेल्या गिऱ्हाइकांसाठी पडद्याने किंवा फळीने वेगळी केलेली जागा. म्हणजे येथे संपूर्ण उपाहारगृह कौटुंबिक नव्हते. त्याचा एक कोपरा कौटुंबिक होता, आणि उरलेली जागा पुरुषांची आहे हे त्यातून सूचित होई. आज महामार्गांवर दिसणारी ‘फॅमिली रेस्टॉरंट व बार’ ही पाटी याच जुन्या विभागणीतून समजते. अमेरिकन ऐकणाऱ्यास तीत विसंगती वाटेल. मराठी वाचकास एकाच छपराखालील दोन दालने दिसतात.

५

हॉवर्ड जॉन्सन्सच्या उतरणीची कारणे एकाहून अधिक आहेत, परंतु ती वर सांगितलेल्या तीन अटींत बसवता येतात.

पहिली गोष्ट रस्त्याची. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्यास चालना मिळाली. या नव्या मार्गांच्या हद्दीत व्यापारी उपाहारगृहांना मज्जाव होता. ती बाहेर पडण्याच्या फाट्यांवर उभी राहिली. टर्नपाइकवरील मक्त्याचा लाभ येथे मिळणार नव्हता, आणि जुन्या रस्त्यांवरील नारिंगी छपरे वाहतुकीच्या प्रवाहाबाहेर पडली. १९७३ च्या तेलटंचाईने उरलेल्या प्रवाशांतही घट केली.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून येते. अनोळखी खाणावळींच्या गर्दीत एक ओळखीचे छप्पर मोलाचे असते. पण फाट्याफाट्यावर मॅकडॉनल्ड्ससारख्या अनेक साखळ्यांच्या पाट्या उभ्या राहिल्यावर ओळखीचे असणे हे वैशिष्ट्य उरत नाही. शिवाय नवी उपाहारगृहे काही मिनिटांत अन्न हाती देत होती. टेबलाशी बसून वाढप्याची वाट पाहण्याची जुनी पद्धत त्यांच्यापुढे संथ आणि महाग ठरली.

तिसरी गोष्ट नावाची. इंग्रजीतील ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ हे षष्ठ्यन्त रूप आहे. ‘जॉन्सन यांचे’ असा त्याचा शब्दशः अर्थ. हे संस्थापक १९५९ मध्ये कारभार मुलाकडे सोपवून निवृत्त झाले आणि १९७२ मध्ये वारले. कंपनीचा भर खर्च आटोक्यात ठेवण्यावर राहिला. इमारती जुन्या झाल्या आणि पदार्थांविषयी तक्रारी वाढल्या. १९७९ मध्ये इंग्लंडातील इम्पीरियल ग्रुपने सुमारे ६३ कोटी डॉलरांना ही कंपनी घेण्याचे ठरवले. १९८५ मध्ये ती मॅरियट कंपनीकडे गेली. तिने मुक्कामाची हॉटेले व नावाचे हक्क पुढे विकले आणि हाती ठेवलेल्या अनेक उपाहारगृहांवर दुसरी नावे लावली. षष्ठी राहिली, पण संबंधी नाहीसा झाला. भाडेपट्ट्याने नाव वापरणारे मोजके चालक उरले. मेन राज्यातील बँगोर येथील उपाहारगृह २०१६ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथील २०२२ मध्ये बंद झाले. हॉवर्ड जॉन्सन हे नाव मात्र मुक्कामाच्या हॉटेलांवर आजही आहे. अठ्ठावीस स्वादांशी त्याचा संबंध उरलेला नाही. चिन्हक जिवंत आहे. चिन्हित गेले आहे.

इंग्लंडातील ‘लिटल शेफ’ची कथा याच वळणाची आहे. निवासी गाड्या बनवणारे सॅम आल्पर यांनी अमेरिकन नमुन्यावरून १९५८ मध्ये रेडिंग येथे अकरा आसनांचे पहिले उपाहारगृह उघडले. त्याच वर्षी इंग्लंडातील पहिला नियंत्रित महामार्ग प्रेस्टन येथे सुरू झाला. लिटल शेफ मुख्यतः जुन्या वर्गाच्या रस्त्यांवर वाढली आणि भरभराटीच्या काळात तिची चारशेहून अधिक उपाहारगृहे होती. पण मालकी वारंवार बदलली, पेट्रोलपंपांवरील तयार खाद्यपदार्थांशी स्पर्धा आली, आणि २०१८ च्या जानेवारीत हे नाव रस्त्यांवरून नाहीसे झाले.

६

आता मुंबई–पुणे रस्त्याकडे वळू. येथे थांब्याची सक्ती निसर्गाने व यंत्राने मिळून घातली होती. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये आणि लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. घाट चढण्यासाठी आगगाडीस मागून जादा इंजिन जोडावे लागे, म्हणून गाडी कर्जतला थांबे. आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटावडा प्रसिद्धीस आला. रस्त्याने जाणारी मोटार घाटापूर्वी पाणी घेण्यास व घाटानंतर थंड होण्यास थांबे. पनवेल, चौक, खोपोली, खंडाळा, लोणावळा ही फराळाची ठिकाणे त्यामुळे बनली. पळस्प्याचे ‘दत्त स्नॅक्स’, खोपोलीचे ‘रमाकांत’ ही नावे प्रवाशांच्या तोंडी बसली ती गावाच्या नावासह. ‘खोपोलीचे’ ही षष्ठी येथे भूगोलाशी बांधलेली आहे. ते नाव उचलून दुसऱ्या गावी नेले तर त्याचा अर्धा अर्थ मागे राहतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही भूमिका या रचनेशी पूर्णपणे सुसंगत होती.

मग अपरिचित ठिकाणी मराठी प्रवाशाला हमी कशी मिळे? याचे उत्तर विशेषनामात नसून सामान्यनामात सापडते. ‘उडपी’ आणि ‘इराणी’ हे मूळचे स्थलवाचक व देशवाचक शब्द मुंबईत उपाहारगृहांचे प्रकार दाखवू लागले. माटुंग्यास १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या जागांनी उडपी पद्धतीची कीर्ती वाढवली. पण ‘उडपी’ हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा झाला नाही. पाटीवर ‘उडपी’ वाचले की शाकाहार, इडली-डोसा, चटकन मिळणारी वाढणी आणि माफक दर ही अपेक्षा आपोआप तयार होई. साखळीचे काम येथे मालकाविना, मक्त्याविना, केवळ शब्दाने केले. हॉवर्ड जॉन्सन यांनी विशेषनामाला सामान्यनामासारखे वागवले. मुंबईने सामान्यनामाकडून विशेषनामाचे काम करून घेतले. सामान्यनाम विकत घेता येत नाही. म्हणून ते विकून पोकळही करता येत नाही. कुटुंबनामावर उभारलेला विस्तारही येथे झाला. १९५२ मध्ये चर्चगेट स्थानकाजवळ ‘सत्कार’ सुरू करणाऱ्या व्यंकटेश कामत यांच्या घराण्याचे नाव पुढे महामार्गांवरील पाट्यांवर आले. परंतु त्या विस्ताराची पूर्वतयारी शाकाहारी दाक्षिणात्य फराळाच्या या सामायिक ओळखीने आधीच केली होती.

७

नवी मुंबईच्या टापूत अर्धशतकात रस्ता तीनदा सरकला आहे. पूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारी मोटार ठाणे–मुंब्रा असा वळसा घेऊन पनवेलला येई. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला, आणि प्रवासी शीव–पनवेल रस्त्यावर आले. वाशी, नेरूळ, बेलापूर, कळंबोली या वसाहती वाढल्या तसतशी रस्त्याकडेची उपाहारगृहे शहराच्या पोटात गेली. त्यांचा ग्राहक वाटसरू न राहता शेजारी झाला. जी शेजाऱ्यांच्या पसंतीस उतरली ती टिकली. दुसरा बदल २००२ चा. कळंबोलीपासून देहूरोडपर्यंतचा सुमारे ९५ किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग त्या वर्षी पूर्णपणे खुला झाला. तिसरा बदल २०२४ च्या जानेवारीत शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूने झाला; दक्षिण मुंबईतून पुण्यास अथवा कोकणास जाणाऱ्यास आता वाशीला स्पर्श न करताही खाडी ओलांडता येते.

द्रुतगती मार्गाने थांब्याचे व्याकरणच बदलले. या मार्गावर वाटेल तेथे उतरता येत नाही. ठरवून दिलेल्या जागीच थांबावे लागते. त्या जागेस ‘फूड मॉल’ हे नाव मिळाले. येथे देशी-विदेशी साखळ्या एकाच अंगणात शेजारी शेजारी बसल्या. १९४० च्या टर्नपाइकवर जो मक्ता एका नावास मिळाला होता तो येथे जागेला मिळाला आहे, नावाला नाही. प्रवासी ‘फूड मॉलला थांबू’ असे म्हणतो. अमुक उपाहारगृहाला थांबू, असे सहसा म्हणत नाही. आत गेल्यावर तो पाट्या वाचतो. चिन्हाने प्रवाशाला रस्त्यावरून ओढून आणावे, हे साखळीचे मूळ कार्यच तेथे शिल्लक नाही.

जुन्या रस्त्यावर याचा परिणाम दुहेरी झाला. पुण्यास थेट जाणारी मोटार निघून गेली. उरले ते स्थानिक लोक, द्रुतगती मार्गावर मनाई असलेली दुचाकी वाहने आणि जुन्या चवीसाठी मुद्दाम वाट वाकडी करणारे प्रवासी. ‘पळस्पे फाटा’, ‘खालापूर फाटा’ या शब्दांत रस्ता, गाव आणि थांबा एकत्र होते. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यास तीच नावे फलकावरचे अंतर म्हणून भेटतात. ज्या कुटुंबांचा चरितार्थ त्या थांब्यावर होता त्यांच्या कौशल्यात उणे काही आले नव्हते. रस्ता सरकला, एवढेच. १९४४ च्या अमेरिकेत पेट्रोलावाचून बंद पडलेल्या उपाहारगृहांची स्थिती तत्त्वतः हीच होती.

८

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा की, ‘साखळी पडली’ या एकाच वाक्याखाली दोन वेगळ्या घटना येतात. रस्ता सरकल्याने थांबा जातो, ती एक. नाव विकले जाऊन आशयापासून सुटते, ती दुसरी. पहिल्या घटनेत चिन्ह शाबूत असते, पण ते वाचणारा निघून जातो. दुसरीत वाचणारा हजर असतो, पण चिन्हामागे काही उरत नाही. हॉवर्ड जॉन्सन्स व लिटल शेफ यांना दोन्ही आघात सोसावे लागले. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरील उपाहारगृहांना मुख्यतः पहिला आघात बसला. शाखा नाकारणाऱ्या पाटीने त्यांना दुसऱ्यापासून वाचवले. परंतु त्याच पाटीने त्यांना जागेशी जखडून ठेवले, आणि रस्ता सरकला तेव्हा त्यासोबत सरकण्याची वाट त्यांच्यापाशी नव्हती. पाटीवरचे ते चार शब्द अभिमानाचे होते आणि जोखमीचेही. पुनरावृत्तीवर उभा असलेला विश्वास दूरवर जातो, पण पातळ होत जातो. एकमेवतेवर उभा असलेला विश्वास दाट राहतो, पण त्याला पाय नसतात. हमरस्त्यावरील उपाहारगृहास या दोहोंतील एकाची निवड करावी लागते, आणि त्या निवडीची किंमत किती हे बहुधा पुढचा रस्ता बांधला गेल्यावरच कळते.